सासूबाईंची हाडं

प्रिय रेवा आणि ईशान,

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते आहे. तुम्ही मराठी सावकाश वाचता हे मला माहीत आहे, म्हणून वाक्यं छोटी ठेवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत माझा राग फार सभ्य होतो, आणि ही गोष्ट सभ्यपणे सांगण्यासारखी नाही.

हाडं किती ठिसूळ झाली आहेत हे मोजायची एक चाचणी असते. ती करावी की नाही यावर मी बरेच दिवस घोळ घातला. शेवटी केली. शहाणपणाने केली असं सगळ्यांना वाटतं. मी ती सूड घ्यायला केली. तुमच्यापासून हे लपवत नाही, कारण पुढे कधी तुम्हाला अशी चाचणी करायची वेळ आली तर खरं कारण माहीत असलेलं बरं.

तुमचे बाबा हे वाचून दाखवणार असतील तर त्यांना बजावा, आत्याचं नाव आलं की पान उलटायचं नाही.

आढी

मे महिन्यात माजघरात आंब्याची आढी घातली होती. तुम्ही लहानपणी पाहिली आहे: पेंढ्यावर ओळीने मांडलेले आंबे, वर पुन्हा पेंढा, आणि घरभर वास. आढी रोज चाळवावी लागते. पिकलेला आंबा वेचून काढला नाही तर एक नासका शेजारच्यांनाही घेऊन जातो. हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

त्या सकाळी आढी चाळवून उठले, पाय पेंढ्यावरून सरकला आणि मी उजव्या हातावर आले. पडले म्हणायलाही लाज वाटावी इतकं साधं. झाडावरून नाही, जिन्यावरून नाही. उभी होते ती खाली आले, एवढंच. पण हात उचलून बघितला तर मनगट जेवायच्या काट्यासारखं मागे वाकलेलं. नंतर कळलं, डॉक्टर लोकही त्याला काट्याचीच उपमा देतात. तेवढ्या वेदनेतही मला उपमा चोख वाटली होती.

शेजारच्या मंदाताईंनी रिक्षा बोलावली. जाताना मी त्यांना म्हटलं, "आढी उघडी राहिलीय हो."

"आंबे राहूदेत मेले!" त्या ओरडल्या. "हात बघा आधी!"

एक हात

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी हाड जागेवर बसवलं आणि प्लॅस्टर घातलं. दुखणं दोन दिवसांत आटोक्यात आलं. खरा त्रास घरी आल्यावर सुरू झाला. परकराची नाडी एका हाताने बांधता येत नाही. वेणी घालता येत नाही. नारळ खवता येत नाही. कोकणात नारळ न खवता दिवस काढायचा म्हणजे काय, हे तुम्हाला मेलबर्नला नारळाच्या डबाबंद दुधावर समजणार नाही.

मंदाताई रोज सकाळी येऊन वेणी घालायच्या. त्यांना घट्ट वेणी घालायची सवय, त्यामुळे दुपारपर्यंत माझ्या भुवया वर ओढलेल्या असत. पण केसांत दुसऱ्याची बोटं फिरण्याचं सुख मला आई गेल्यापासून मिळालं नव्हतं. आजारपणात अशा काही गोष्टी पदरात पडतात. त्या घ्याव्यात.

आणि मग वन्सं आल्या.

देव बघतो

वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, तुमच्या बाबांची आत्या. चिपळूणला असतात. त्यांच्या मुलाने गाडीने आणून सोडलं. येताना डब्यात मऊ भात, मेतकूट आणि लिंबाचं गोड लोणचं घेऊन आल्या. स्वतःच्या हाताने मला भरवलं. भात उत्तम होता, हे मी नाकारणार नाही.

शेवटचा घास माझ्या तोंडात असताना त्या म्हणाल्या, "आईला पाडलंस, आता स्वतः पडलीस. देव बघतो गो वहिनी."

घास तोंडात होता म्हणून मी काही बोलले नाही. आणि घास नसता तरी बोलले नसते. त्याचं कारण सांगते.

तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला गेल्या. तुमचे बाबा तेव्हा दहावीत होते. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर काही पडल्याचा आवाज झाला नाही, फक्त त्यांनी मला हाक मारली. धावत गेले तर त्या अंगणात बसलेल्या, आणि निरांजन हातात तसंच. वातही विझली नव्हती. म्हणाल्या, "कट्टकन आवाज झाला गो. मग पाय गेला. मी आधी मोडले, मग पडले."

खुब्याचं हाड होतं. त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. माजघरातल्या खाटेवर त्यांचं सगळं मी केलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायची, अंग पुसायचं, भांडं द्यायचं, आणि मग शाळेत जाऊन मुलांना व्याकरण शिकवायचं. पुढच्या श्रावणात त्या गेल्या.

वन्संनी पहिल्याच भेटीत अंगणात नजर फिरवली आणि तुळशीजवळची बादली बघितली. सकाळी तुळशीला पाणी घालून मी ती तिथेच ठेवली होती. झालं. "वहिनीने अंगण ओलं ठेवलं, आई घसरली." त्या संध्याकाळी अंगण ठणठणीत कोरडं होतं. घसरणाऱ्या बाईच्या हातात पेटलेलं निरांजन राहत नाही. पण हे कोण ऐकणार?

तेव्हापासून दर वर्षी गौरीला वन्सं माहेरी येतात. पाटावर बसतात, पहिलं घावन त्यांच्या पानात पडतं, आणि घरात कुणी नवी सून आली असेल तर तिला त्या ही गोष्ट सांगतात. "जपून हो बाई, या घरात अंगण निसरडं असतं." सगळ्या हसतात. मी वाढत असते.

आपल्याकडे गौरीला आलेल्या माहेरवाशिणीला उलटून बोलत नाहीत. ती काय वाटेल ते बोलो, तिच्या माहेरच्या छपराखाली तिचा शब्द वरचा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीच मला हे शिकवलं होतं. तुमचे आजोबाही म्हणायचे, "ताई आहे, माहेरवाशीण आहे, सोडून दे." फोटोला हार घातलेला असला तरी या बाबतीत मी त्यांना माफ केलेलं नाही.

डॉक्टरांचा प्रश्न

प्लॅस्टर काढायच्या दिवशी डॉक्टरांनी हात फिरवून बघितला. तरुण आहेत, देशावरचे. सगळ्यांना "आज्जी" म्हणतात, दोन ज देऊन.

"आज्जी, उभ्या उंचीवरनं पडून मनगट मोडलं म्हणजे हाड ठिसूळ झालेलं असू शकतंय. घनता मोजून घ्या. कोल्हापूरला मशीन आहे, चिठ्ठी देतो."

मी म्हटलं, "बघते."

"बघते म्हंजे करत नाही," ते म्हणाले. "मास्तरीण होता न्हवं? पेपर तपासल्याशिवाय मार्क देत होता का?"

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाचा खुबा मोडला होता का? मी सवयीने म्हटलं, "हो. सासूबाईंचा. साधा दिवा लावताना. त्या म्हणायच्या, आधी आवाज झाला आणि मग पडले."

"असं होतंय," डॉक्टर कागदावर लिहितालिहिता सहज म्हणाले. "हाड फारच विरलं असलं तर चालता चालता मोडतंय, आणि मोडलं म्हणून माणूस पडतो." मग हसले. "पण आज्जी, सासूबाईंची हाडं तुम्हाला कशी येतील? ती त्यांच्या पोरांना येणार."

मी खुर्चीत बसले होते ते बरं झालं. इतक्या वर्षांनी एका परक्या माणसाने, पेनाची टोपी लावता लावता, मला निर्दोष सोडलं होतं. पण ऐकायला साक्षीदार कोण? मी, आणि भिंतीवरचा प्लॅस्टिकचा सांगाडा.

आणि दुसरं वाक्य तर त्याहून मोठं होतं. ती हाडं त्यांच्या पोरांना येणार. तुमचे आजोबा गेले. राहिल्या वन्सं. म्हणजे माझा पुरावा चिपळूणला जिवंत होता, चहाला दोन चमचे साखर घालत होता, आणि मला म्हणत होता, देव बघतो.

मला ती का नको होती

आता हे नीट वाचा, कारण चाचणी टाळणारी माणसं काय विचार करतात ते यात आहे.

माझा विचार असा होता. कागदावर वाईट आकडा आला तर तो तुमच्या बाबांना पाठवावा लागणार. ते आधीच फोनवर सुरू झाले होते: "आई, रिपोर्ट आला की लगेच पाठव. मग पुण्याच्या त्या ज्येष्ठांच्या सोसायटीचं बघू. लिफ्ट आहे, नर्स आहे." त्यांच्या दृष्टीने ती काळजी. माझ्या दृष्टीने तो कागद म्हणजे घर सोडण्याची नोटीस. आपल्या घराच्या चिऱ्याच्या पायऱ्या, मागचा हापूस, तुळस, सगळं एका आकड्यावर जाणार. आकडा माहीत नसेल तर मी मोकळी.

दुसरा विचार त्याहून खोल होता. मी ती खाट बघितली होती. कूस बदलताना सासूबाई कशा डोळे मिटून घ्यायच्या ते मला माहीत होतं. रात्री मनगटाला तेल चोळताना मला मनगट दिसत नसे, ती खाट दिसे, आणि तिच्यावर मी. चाचणी केली नाही तरी खाट येणार असेल तर येणारच, हे मला समजत होतं. व्याकरणाइतकं स्पष्ट समजत होतं. तरीही मी चिठ्ठी देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाच्या डबीखाली ठेवून दिली.

शहाणपणाने मी ती कधीच बाहेर काढली नसती. "देव बघतो" हे शब्द आठवले की मात्र माझा हात देव्हाऱ्याकडे जायचा.

शेवटी एका सकाळी मी चिपळूणला फोन लावला.

"वन्सं, मला चाचणीला कोल्हापूरला जायचंय. एकटीला जमणार नाही. सोबत याल?"

"चाचणीबिचणी सगळा मेला धंदा आहे," वन्सं म्हणाल्या. "आमच्या घराण्यात नाय कुणाची हाडं तपासली. कशास जातेस?"

"अंबाबाईचं दर्शनही होईल."



"ओटीचं सामान मी आणते," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या दुकानातला खण नको. रंग जातो."

फोन ठेवल्यावर मी कोल्हापूरच्या केंद्राला फोन केला आणि दोन नावं दिली.

घाट

वन्सं आदल्या दिवशी आल्या. त्या रात्री आमच्या छपराखाली होत्या, तेव्हा मी गप्प. सकाळी गाडीत बसलो. साखरपा मागे पडलं, आंबा घाट लागला, आणि मी मनात म्हटलं, माहेर संपलं. आता ही माहेरवाशीण नाही. गाडीत बसलेली एक म्हातारी बाई आहे, आणि मी दुसरी.

मी वाक्यं तयार करून आले होते. पहिलं तोंडात आलंच होतं, तेवढ्यात वळणावर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पिशवी."

उलटी करणाऱ्या माणसाला जाब विचारता येत नाही. मी डाव्या हाताने पिशवी धरली आणि उजव्याने, जो नुकताच प्लॅस्टरमधून सुटला होता, त्यांची पाठ चोळली. तेव्हा ब्लाउजवरून माझ्या हाताला ते लागलं. पाठीच्या मध्यावर कणा बाहेर आलेला, एक गाठ, आणि तिच्यावर सगळी पाठ पुढे झुकलेली. या पाठीची घडी मला पाठ होती. सासूबाईंचं अंग पुसताना रोज माझा हात इथेच अडायचा.

मी हात काढला नाही. माया म्हणून नव्हे. खात्री करून घेत होते.

"आलेपाक दे," वन्सं म्हणाल्या.

दिला.

मशीन

जे घाबरतात त्यांच्यासाठी सांगते. तो बोगदा नसतो. उघड्या पलंगावर झोपायचं, कपड्यांतल्या पिना आणि दागिने काढून ठेवायचे, आणि अंगावरून एक दांडी हळूहळू सरकते. सुई नाही, दुखणं नाही. चहाला आधण येईपर्यंत काम होतं. मी आधी जाऊन आले. बाहेर आले तर मुलगी हाक मारत होती, आणि वन्सं स्वतःचं नाव ऐकून इकडेतिकडे बघत होत्या.

"माझं नाव कसं गो?"

"मी दिलं."

"मी नाय जाणार त्या टेबलावर. अंबाबाईला आलेय मी."

तिथे बरीच माणसं बसली होती. मी आवाज खाली ठेवला, वर्गात ठेवायचे तसा. असा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो.

"वन्सं, इतकी वर्षं तुम्ही सांगत आलात की मी अंगण ओलं ठेवलं आणि आईंना पाडलं. गौरीला सांगितलंत, लग्नात सांगितलंत, माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला सांगितलंत. मी कधी उलटून बोलले का?"

"इथे काय काढतेस ते!"

"इथेच. इथे तुम्ही माहेरवाशीण नाही. आईंची हाडं आतून विरली होती म्हणून त्या पडल्या. ती हाडं तुमच्यात आहेत. मी खोटी असेन तर आत जा आणि मला खोटं पाडा. घराण्याची हाडं घट्ट आहेत ना? मग घाबरता कशाला?"

"मी?" वन्सं उठल्या. उठताना गुडघ्यांवर हात टेकावे लागले, तरी उठल्या. "मी कशास घाबरू?" आणि मंगळसूत्र काढून माझ्या हातात आदळलं.

दार बंद झालं. मी बाहेर बसले. मंगळसूत्र अजून गरम होतं. खरं सांगते, मी देवाकडे मागणं मागितलं. त्यांचा आकडा वाईट येऊ दे, असं. मग संध्याकाळी त्याच तोंडाने अंबाबाईची ओटी भरली.

परत एकदा सांगा

रत्नागिरीला परतल्यावर आम्ही दोघी डॉक्टरांपुढे बसलो. माझी हाडं वाईट होती. वन्संची त्याहून बरीच वाईट. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीचा एक्स-रे काढून आणायला लावला, तो उजेडावर धरला आणि विचारलं, "आज्जी, तुम्ही कधी पडला होता?"

"मी? कधीच नाय."

"दोन मणके मोडलेले आहेत. जुने आहेत. चेपल्यासारखे झालेत, म्हणून पाठ अशी वाकली."

"पण मी पडलेच नाय हो!"

"न पडताच मोडलेत."

या वाक्याची मी सगळं आयुष्य वाट पाहिली होती. एकदा ऐकून माझं भागणार नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "म्हणजे कुणी न पाडता, अंगण कोरडं असताना, हाड आपोआप मोडू शकतं?"

"होय आज्जी. मोडू शकतं."

"जरा मोठ्याने सांगाल का? यांना कमी ऐकू येतं."

वन्संना सुई पडलेली ऐकू येते. डॉक्टर बिचारे टेबलावर पुढे वाकले आणि सावकाश, मोठ्याने म्हणाले, "कुणी, न, पाडता, मोडतंय!"

बाहेर बसलेल्या लोकांनीही ऐकलं असेल. मला त्या क्षणी कसं वाटलं ते लपवत नाही. घावन-घाटल्यापेक्षा गोड.

पायरी

हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना वन्संनी माझा दंड धरला. मधल्या पायरीवर थांबल्या. मला वाटलं, दम लागला.

"आईने मला पण सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आवाज झाला म्हणून. आधी मोडलं म्हणून."

मला क्षणभर कळलंच नाही. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "आई मला बोलवत होती. त्या आधीचे दोन महिने. ये गो, पाठ दुखते, ये. मी म्हटलं, येते गौरीला. मग ती पडली. मी इथे नव्हते, वहिनी. तू होतीस. जी असते तिलाच धरता येतं ना?"

तुम्हाला वाटेल, इथे मी विरघळले. नाही. अज्ञान मी माफ केलं असतं. खरं ठाऊक असताना त्यांनी माझी गौर दर वर्षी कडू केली, हे ऐकून माझे कान तापले. हात सोडून खाली निघून जावं असं वाटलं. पण त्या पायरीवर होत्या, त्यांच्या पाठीत दोन मणके मोडलेले, आणि मी सोडलं असतं तर त्या खरोखर पडल्या असत्या. मग तर मीच पाडलं असतं.

मी दंड आणखी घट्ट धरला आणि म्हटलं, "हे गौरीला बोलायचं. त्याच पानावर, त्याच बायकांसमोर. नाहीतर यंदा माझ्या घरी गौर आणताना तुम्ही यायचं नाही."

माहेरवाशिणीला कुणी असं म्हणत नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला असता. किंवा नसता ठेवला. त्यांनाच तर माहीत होतं खरं.

वन्सं पायरी उतरल्या.

गौर

गौरीच्या दिवशी सकाळपासून माझं लक्ष दाराकडे. तेरड्याची गौर आली, घावनाचं पीठ भिजलं, चुलत घरातल्या बायका जमल्या. वन्सं नाहीत. मंदाताई दोनदा म्हणाल्या, "थांबायचं का हो?" मी म्हटलं, थांबायचं. मनात म्हणत होते, आल्या नाहीत तर मी हरले. आल्या आणि बोलल्या नाहीत तरी हरले.

दुपारी गाडी लागली. त्या आल्या, नव्या पट्ट्याने पाठ बांधलेली, हातात काठी. डॉक्टरांनी खाली बसायला आणि वाकायला बंदी केली होती, म्हणून मी पाट मांडला नव्हता. टेबल-खुर्ची ठेवली होती. बाकी सगळ्या खाली पाटांवर, आणि वन्सं वर, एकट्या, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मी काही मुद्दाम केलं नव्हतं. पण झालं ते छान झालं.

मी पहिलं घावन त्यांच्या पानात वाढलं आणि तिथेच उभी राहिले. हातात उलथनं.

यंदाची नवी सून म्हणजे माझ्या चुलत पुतण्याची बायको, लाजाळू पोर. तिने आपण होऊन विचारलं, "आत्या, आजी कशा गेल्या हो? आई म्हणाल्या, तुम्ही सांगता."

वन्संनी घावनाचा तुकडा मोडला. पुन्हा पानात ठेवला.

"आईला कुणी पाडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "हाड आधी मोडलं, मग ती पडली. अंगण कोरडं होतं. मला माहीत होतं."

कुणी हसलं नाही. पुतणी माधवी खालूनच म्हणाली, "मग इतकी वर्षं आत्या तुम्ही..."

"वाढ गो वहिनी," वन्सं म्हणाल्या. "घावन थंड होतंय."

मी वाढलं. घाटलं जास्त वाढलं.

रविवार

आम्हा दोघींची रक्ततपासणी झाली आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली. आठवड्यातून एकदा घ्यायची. (ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं, मी काही डॉक्टर नाही.) सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, आणि चहा घ्यायचा नाही.

वन्संनी जन्मात उठल्यावर चहाआधी कुणाशी शब्द बोललेला नाही. त्या गोळी टाळणार हे मला माहीत होतं. म्हणून रविवारी सकाळी मी त्यांना व्हिडिओ कॉल लावते. मी इथे खुर्चीत ताठ, त्या तिथे खुर्चीत ताठ. दोघी गोळी गिळतो आणि एकमेकींकडे बघत बसतो. पहिल्या काही रविवारी मला फक्त त्यांचं छत दिसायचं. आता फोन नीट धरतात.

"वन्सं, कपाचा कान दिसतोय मला."

"रिकामा आहे."

"उलटा करून दाखवा."

तुमच्या बाबांना मी रिपोर्ट पाठवला. त्यांनी पुण्याचं काढलं. मी सांगितलं, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या, पायऱ्यांना कठडा केला, आढी आता टेबलावर घालणार. आणि रविवारी सकाळी मला चिपळूणला काम असतं, पुण्याहून ते होणार नाही. ते हसले. मी हसले नाही, म्हणून त्यांना कळलं.

रेवा, आता तुझं. सासूबाईंची हाडं वन्संना आली, तुझ्या आजोबांना आली, तुझ्या बाबांना आली असणार, आणि तिथून तुम्हा दोघांना. ईशान, तूही हसू नकोस, पुरुषांची हाडंही विरतात. आत्ता तुम्ही तरुण आहात, चाला, उन्हात फिरा, नीट जेवा. पण वेळ आली की मोजून घ्या. माझ्यासारखी चिठ्ठी हळदीकुंकवाखाली ठेवू नका. शहाणपणाने जमलं तर शहाणपणाने करा. नाही जमलं तर कुणाचातरी राग आठवा आणि त्यावर स्वार होऊन जा. मशीनला कारण विचारायची सवय नाही.

वन्सं चहासाठी कासावीस होतात. खुर्चीत चुळबुळ करतात, पदर सारखा करतात, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, पण डोळ्यांना धड दिसत नाही त्यांना तेवढ्या लांबचं. शेवटी त्यांना मलाच विचारावं लागतं.

"वहिनी, झाला का गो अर्धा तास?"

माझं घड्याळ समोरच असतं. अर्धा तास होऊन गेलेला असतो.

"अजून थोडं," मी म्हणते. "टेकू नका."

तुमची,
आजी